सहावा नियम

क्लबाची पोरं मागच्या महिन्यात घरी आली. टूर्नामेंटची स्मरणिका काढायची ठरलीय, इतिहास तुम्हीच लिहून द्या, म्हणाली. पेडणे आणि डिचोली ह्या दोन तालुक्यांतल्या क्लबांची ही फुटबॉल टूर्नामेंट आमच्याच गावच्या शेतात सुरू झाली आणि सुरुवातीच्या वर्षांचं सगळं लिखाण माझ्या हातचं, त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्न नव्हता. चार पानं लिहून दिली. पहिल्या वर्षी बक्षीस केळ्यांचा घड होता, गोलपोस्ट पोफळीच्या खोडांचे होते, मांद्र्याची मासेमारी करणारी पोरं अनवाणी खेळून सगळ्यांना दमवायची, आमोण्याची टीम नदीवरून होडीनं यायची आणि हरली की होडीतच आपसात भांडायची, हे सगळं त्यात आलं. शेवटी विजेत्यांची यादी दिली. यादीत एका वर्षापुढे आमच्याच क्लबाचं नाव आहे. ते पाहून एक पोरगा खूश झाला. "अंकल, त्या वर्सा आमी जिखल्ले मूं," म्हणाला. मी हो म्हटलं, चहा पाजला आणि त्यांना वाटेला लावलं. त्या वर्षी आम्ही कसे जिंकलो ते स्मरणिकेत लिहायची माझी छाती झाली नाही, म्हणून इथं लिहितो.

आमचं घर म्हणजे पुरसोबाबच्या कुळागराच्या, पोफळी-नारळीच्या बागेच्या, कडेला त्यांच्याच मालकीच्या दोन खोल्या. पुरसोबाब गावचे भाटकार, म्हणजे जमीनदार, देवस्थानात मानाचे आणि क्लबाचे अध्यक्ष. माझे बाबा तरुणपणी दोडामार्गापलीकडच्या, महाराष्ट्रातल्या, आमच्या गावातून इकडे गोव्यात आले आणि जेटीवर कामाला लागले. मायनावरची, म्हणजे खाणीवरची, लोखंडाची माती टिपर आणून जेटीवर ओतायचे आणि बाबांसारखी माणसं ती बार्जमध्ये भरायची. मोठ्या सुपात कोणी सतत दगड पाखडावेत तसा तो आवाज दिवसभर कानात असे. पावसाळ्यात मायन बंद झालं की त्या शांततेनं आईचं डोकं दुखायचं. लाल धूळ तर सगळीकडेच. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून पोंपों वाजवीत यायचा, आई उंडे घ्यायची आणि लगेच फडक्याखाली झाकायची, तरी पहिल्या घासाला दाताखाली किरकिर लागायचीच. उंडा कोऱ्या चहात बुडवून खाल्ला की ती कमी जाणवते, हे मी लहानपणीच शिकलो. दहाच्या सुमाराला बाबांना पेज लागे, बरोबर भाजलेला सुका बांगडा, नाहीतर तोराचं, म्हणजे कोवळ्या कैरीचं, लोणचं. रविवारी अळसांद्यांचं तोणाक, म्हणजे चवळीची रसदार उसळ, भरपूर नारळ वाटून. बाबा खिडकीला जनेल म्हणायला लागले होते आणि टेबलाला मेज. गावी गेले की त्यांचे मोठे भाऊ, म्हणजे आमचे थोरले आबा, मुद्दाम विचारायचे, "जनेल म्हणजे काय रे? भाजून खातत काय शिजवून?" बाबा सगळ्यांत मोठ्यानं हसायचे. मला हसू येत नसे.

मी आमच्या घराण्यातला पहिला शिकलेला. हे मी आजही ताठ मानेनं सांगतो, कारण ते मला कोणी फुकट दिलेलं नाही. रोज बस बदलून कॉलेजात जायचो, शर्ट एकच चांगला होता, तो आई रोज संध्याकाळी धुवायची आणि चुलीवर वाळवायची, त्यामुळे माझ्या अंगाला धुराचा वास यायचा आणि वर्गातल्या मुलींना मी स्वयंपाकी वाटायचो. गावात मला सगळे "बीए" म्हणायचे, बीए व्हायच्या दोन वर्षं आधीपासून. कोणाचं पोस्टाचं पत्र, कोणाचा पंचायतीतला अर्ज, सगळं माझ्याकडे यायचं. म्हणून पुरसोबाबनी मला क्लबाचा सेक्रेटरी केलं. फुटबॉल मला खेळता येत नव्हता. चेंडू समोर आला की कुठल्या पायानं मारायचा ह्याचा विचार करेपर्यंत तो पुढे गेलेला असे. पण नोटिसा, रजिस्टर, लाउडस्पीकरवरचं बोलणं ह्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. बाहेरगावचे लोक आले की पुरसोबाब माझ्या पाठीवर हात ठेवून सांगायचे, "हो आमगेलो सेक्रेटरी." भाटकारानं जेटीवरच्या कामगाराच्या मुलाला चार लोकांत आपलं म्हणायचं, हे तेव्हा लहान नव्हतं. मी आठवडाभर त्यावर जगायचो.

आता तो नियम. एके वर्षी किनाऱ्यावरच्या एका क्लबानं दक्षिण गोव्यातले तीन तयार खेळाडू आणून शिल्ड नेली. शेतात मारामारी झाली, पोफळीचा एक गोलपोस्ट त्यात हत्यार म्हणून वापरला गेला. पुढच्या मोसमाआधी देवळाच्या मंडपात कमिटी बसली. बाहेरचा खेळाडू ओळखायचा कसा? कोणी म्हणालं रेशनकार्ड बघा. त्यावर दुसरा म्हणाला, कार्ड सरपंच चहाच्या कपावर लिहून देतो.

"कार्ड कितें विचारता," पुरसोबाब म्हणाले. "चवथीक तो खंय आसता तें विचार. जंय गणपती, थंय मनीस."

सगळ्यांना एकदम पटलं. आमच्या भागात माणूस कुठंही नोकरी करो, कुठंही खोली घेवो, घराण्याचा गणपती जिथं बसतो तेच त्याचं गाव. कमिटीत मिंगेल होता, जुना गोलकीपर, जाळ्या सांभाळायचं काम त्याच्याकडे आणि बाबांबरोबर जेटीवर असायचा. तो म्हणाला, "आनी आमी ख्रिस्तांव?"

"तुजें फेस्त खंय तें सांग," पुरसोबाब म्हणाले. फेस्त म्हणजे चर्चचा वार्षिक सण.

"फेस्ताक हांव सगळ्याक आसतां," मिंगेल पोटावर हात फिरवीत म्हणाला. "जंय सोरपोतेल, थंय मिंगेल."

हसून झाल्यावर मी तो नियम लिहून काढला. नियम सहावा: खेळाडूच्या कुटुंबाचा गणपती ज्या गावी बसतो ते त्याचे गाव मानले जाईल, असे गाव पेडणे अथवा डिचोली तालुक्यात नसल्यास खेळाडू अपात्र ठरेल, ख्रिस्ती खेळाडूंच्या बाबतीत त्यांची इगर्जी (चर्च) पाहावी. वाक्य मला फार आवडलं. मी ते दोनदा वाचून दाखवलं. आमचा गणपती कुठं बसतो हे त्या वेळी माझ्या मनात एकदाही आलं नाही.

तो बसायचा दोडामार्गापलीकडे, थोरल्या आबांच्या घरी. चवथीच्या आदल्या दिवशी आम्ही खोलीला कुलूप लावून बसनं जायचो आणि उरलेलं अंतर चिखलातून चालायचो. बाबांच्या डोक्यावर फटाक्यांची पेटी, आईच्या हातात नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा. पोचलो की मी आणि आबांचा मुलगा रघू रानात शिरायचो, गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटवीला बांधायला कवंडळं, आंबाडे, सुपारीचे घोस आणायला. रघू माझ्यापेक्षा दोन महिन्यांनी मोठा. तो झाडावर, मी खाली. माझ्या वसंताचा त्यानं वश्या केला होता. "वश्या, झेल," असं ओरडून तो फळ टाकायचा आणि माझ्या हातून हमखास सुटायचं. गणपतीच्या खोलीत दोन पाट मांडायचे, एक आबांचा, एक बाबांचा. पूजेला दोघे भाऊ एकत्र बसायचे. बाबा वर्षभर कोणाच्या ना कोणाच्या हुकमात असायचे, ते दीड दिवस सोडून.

रघू सातवीनंतर शाळेत गेला नाही. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षात असताना आबांनी त्याला आमच्याकडे पाठवलं आणि बाबांनी त्याला एका टिपरवर क्लीनर म्हणून लावलं. रात्री माझ्या शेजारी चटईवर झोपायचा, सकाळी माझ्याआधी उठून विहिरीचं पाणी भरायचा, आणि आईशी गावच्या एकेका म्हशीबद्दल गप्पा मारायचा. आई त्याच्या येण्यानं दहा वर्षांनी तरुण झाली. फुटबॉल तो गावच्या मळ्यात पपनसानं खेळून शिकला होता. पपनस उसळत नाही, म्हणून चेंडू जमिनीला चिकटवून न्यायची त्याला सवय. पायाखाली खेकडा दाबून धरावा तसा तो चेंडू धरायचा, आणि समोरचा वाकला की निघून जायचा.

आल्यावर आठवड्यातच तो मला म्हणाला, "बीए, तुज्या क्लबात माका घे मरे."

मी म्हटलं, पुरसोबाबना विचारतो. मी विचारलं नाही. त्याच्या चड्डीला टिपरचं ग्रीस असायचं, आणि तो चार लोकांत मला "वश्या" म्हणून हाक मारायचा, आणि आमच्या क्लबाच्या पोरांसमोर आमच्या घरची बोली अशी मोठ्यानं बोलायचा की मला वाटायचं माझ्या तोंडावरचा रंग उतरतोय. दोनतीनदा त्यानं विचारलं, मी "बघतंय" म्हटलं. मग जेटीवरच्या कामगारांच्या टीमनं त्याला घेतलं. टूर्नामेंट भरवायचा आमचा क्लब, त्यामुळे सगळ्या संघांच्या खेळाडूंची नोंद क्लबाच्या सेक्रेटरीकडे, म्हणजे माझ्याकडेच व्हायची. रघूचं नाव मीच रजिस्टरात लिहिलं आणि गाव ह्या रकान्यात आमच्या इथल्या गावाचं नाव लिहिलं. सहावा नियम तेव्हा आठवला. म्हटलं जाऊ दे, घरचाच आहे, आणि जेटीची टीम पुढे जातेय कशाला.

जेटीची टीम पुढे गेली. मांद्र्याला हरवलं, आमोण्याला हरवलं, आणि सेमीफायनलला आमच्यासमोर आली. कापणी झालेल्या शेतात भाताची खोडकं तुडवून सपाट केलेली, चुन्याच्या रेघा, बांधावर बायका, एका कडेला मिरच्यांची भजी आणि पाव. लाउडस्पीकरवर मी. त्या दिवशी एक पाहुणे होते, एका मायन कंपनीच्या टीमचे कोच. त्या काळात कंपन्यांच्या टीम असायच्या आणि टीममध्ये घेतलं म्हणजे कंपनीत कायमची नोकरी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोच टोपी घालून खुर्चीवर बसले होते आणि पहिला अर्धा तास भजी खाण्यापलीकडे त्यांनी काही केलं नाही. मग रघूनं आमच्या दोन बॅकना एकमेकांवर आपटवून गोल केला आणि त्यांनी भज्यांची पुडी खाली ठेवली. आम्ही एक फेडला. शेवटच्या पाच मिनिटांत रघूनं दुसरा केला. दोन्ही वेळा त्याचं नाव मला लाउडस्पीकरवरून घ्यावं लागलं आणि दोन्ही वेळा माझी आई बांधावर उभी राहून टाळ्या वाजवत होती, पुरसोबाबच्या बायकोच्या शेजारी.

खेळ संपल्यावर कोचनी रघूला बोलावलं. काय बोलले ते मला रघूनंच धावत येऊन सांगितलं. "वश्या, येतल्या आयतवारी फायनल बघतले आणि सोमवारी हापिसात ये म्हणाले. परमनंट रे. टिपर सुटलो." घामानं त्याचा हात निसटत होता, तरी त्यानं माझं मनगट धरून ठेवलं होतं. मग तो सोडा आणायला गेला, आम्हा दोघांना.

तो जातो न जातो तोच पुरसोबाब माझ्या टेबलाशी आले. हरलेल्या संघाला लेखी तक्रार द्यायची असली तर अर्ध्या तासात द्यायची, असा नियम होता. तोही मीच लिहिलेला.

"बीए, तो तुमगेलो न्हय?"

"व्हय. आबांचो झील."

"चवथीक खंय आसता तो?"

मी सांगू शकलो असतो की आमच्याकडे असतो. मला माहीत नाही असंही चाललं असतं. मी म्हटलं, "गावाक."

"मागीर बरोव," ते म्हणाले. तक्रार लिही. एवढंच म्हणून ते माणसांत जाऊन उभे राहिले. त्यांनी मला धमकावलं नाही. खोली खाली करा, असं काही सुचवलंही नाही. तसं काही झालं असतं तर इतकी वर्षं मला त्याचा आधार झाला असता.

मी क्लबाचा छापील कागद घेतला आणि इंग्रजीत लिहिलं, कारण इंग्रजीत ते वजनदार दिसत होतं. 'दि अंडरसाइन्ड' हे शब्द मी त्यात दोनदा वापरले. अक्षर नेहमीपेक्षा सुंदर आलं होतं, हेही खरं सांगतो. मधेच रघू सोड्याच्या दोन बाटल्या घेऊन आला. "काय लिवतंस?" म्हणाला.

"रिपोर्ट."

वारा होता, कागदाचा कोपरा उडत होता. त्यानं माझी बाटली त्या कोपऱ्यावर ठेवली, म्हणजे मला दोन्ही हात मोकळे राहतील, आणि जेटीच्या पोरांकडे नाचायला गेला.

तीन दिवसांनी, बुधवारी, आरतीच्या आधी देवळाच्या मंडपात कमिटी बसली. तक्रार इंग्रजीत, कमिटीत इंग्रजी येणारं कोणी नाही. तेव्हा मीच लिहिलेली तक्रार मीच वाचून तिचा अर्थ सांगायचा, असं ठरलं. रघू समोर खांबाला टेकून उभा होता. आईनं त्याला माझा चांगला शर्ट घालायला दिला होता. मी वाचायला लागलो तेव्हा पहिल्या वाक्याला तो हसला, कारण मी माझ्या लाउडस्पीकरच्या आवाजात वाचत होतो आणि त्या आवाजाची तो नेहमी नक्कल करायचा. तिसऱ्या वाक्याला त्याचं स्वतःचं नाव आलं. त्यानंतर मी कागदावरून मान वर केली नाही.

पुरसोबाबनी विचारलं, "तुमगेलो गणपती खंय बसता रे?"

रघूनं दोडामार्गापलीकडच्या आमच्या गावाचं नाव सांगितलं. दुसरं काही सांगावं हे त्याच्या डोक्यातही आलं नसणार. देवळात उभं राहून गणपतीबद्दल कोण खोटं बोलेल? मग तो म्हणाला, "पण आमचो एकच गणपती. माजो आणि वसंताचो. तो हंयचो, मगे मी हंयचो नाय? तेकाच विचारा."

मंडपात कोणीतरी "आं" केलं. जेटीच्या टीमचा कॅप्टन पुढे सरकला आणि म्हणाला, सेक्रेटरीच बाहेरचा असेल तर त्याची तक्रार कसली. ते बरोबर होतं. मिंगेल माझ्याकडे बघत होता. पुरसोबाब माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपण बाजारातून आणलेली वस्तू फुटकी निघाली की काय, असं माणूस बघतो, तसं ते बघत होते.

"तुमगेलो खंय, बीए?"

मी म्हटलं, "आमचो हंय. आमच्या खोलयेत. आमी वेगळो केलो."

हे मी देवाच्या पुढ्यात, समई पेटलेली असताना, पंधरा-वीस माणसांसमोर म्हटलं. आवाज अडला नाही. ज्याच्या तोंडून एक शब्द निघाला की सगळं संपणार होतं तो एकच माणूस तिथं होता, आणि सगळे त्याच्याकडे बघायला लागले. रघूनं माझ्याकडे पाहिलं. मग तो पुरसोबाबना म्हणाला, "व्हय. काका वेगळे झाले. माज्या ध्यानात रवला नाय."

त्याला अपात्र ठरवलं. जेटीची टीम बाद झाली आणि फायनलला आम्ही गेलो. मिंगेलनं सही करताना पेन दोनदा झटकलं, शाई येत असतानाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं रघू गेला. आईला म्हणाला, टिपराचो मालक बरो नाय. आईला ते पटलं नाही, पण तिनं त्याला वाटेसाठी उंडे आणि उकडलेली अंडी बांधून दिली. माझा शर्ट त्यानं रात्री धुऊन दोरीवर टाकला होता. मी झोपेचं सोंग घेऊन चटईवर पडून राहिलो. तो माझ्या अंगावरून ओलांडून गेला, पाय लागला तसा वाकून त्यानं हात टेकवून नमस्कार केला, सवयीनं, आपण कोणालाही करतो तसा.

बाबांना कळलं ते जेटीवर. मिंगेलनं विचारलं, गणपती वेगळा केला आणि मला कळवलंही नाही, करंज्यासुद्धा नाहीत. बाबा संध्याकाळी आले, हातपाय धुतले, अंगावरची लाल धूळ नेहमीसारखी अर्धीच गेली. आईनं पेज वाढली. त्यांनी ती बाजूला सरकवली.

"देवळात सांगितलंस?"

"व्हय."

"देवाच्या समोर?"

"व्हय."

मार बसेल असं वाटलं होतं, आणि खरं म्हणजे तसं व्हावंसं वाटत होतं. बाबांनी पेजेवर ताटली झाकली. मग म्हणाले, "मगे आता तो हंय बसाक व्हयो. देवाक खोटो पाडूचो नाय."

आई म्हणाली, "अवो, पोरगो बोललो. थोरल्यांक काय सांगतलास?"

"सांगतंय काय ता," बाबा म्हणाले, आणि पेज न खाता उठले.

रविवारी फायनल झाली. कोच टोपी घालून आले. मध्यंतरापर्यंत बसले, मग माझ्या टेबलाशी येऊन विचारलं, तो चेंडू चिकटवून नेणारा मुलगा कुठं आहे. मी म्हटलं, अपात्र. त्यांनी "हं" म्हटलं आणि जीपकडे गेले. आम्ही एक-शून्यनं जिंकलो. विजेत्यांचं नाव मी लाउडस्पीकरवरून तीनदा सांगितलं. शिल्ड गावभर फिरवली, पुरसोबाबच्या अंगणात सगळ्यांना जेवण झालं आणि मला त्यांच्या पंक्तीला बसवलं, पहिल्यांदाच. जेवण छान होतं. मला आठवतंय म्हणून सांगतो, छान होतं आणि मी पोटभर जेवलो.

चवथीच्या आधी बाबा एकटे गावी जाऊन आले, सकाळी गेले ते संध्याकाळी परत. तिथं काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. पुष्कळ वर्षांनी आईकडून कळलं. आबांनी फक्त एवढंच विचारलं होतं, वेगळं व्हायचं कोणाच्या मनात आलं, आणि बाबांनी सांगितलं होतं, माझ्या. त्या वर्षी वीतभर उंचीची मूर्ती आमच्या पुढल्या खोलीत पुरसोबाबनी दिलेल्या मेजावर बसली. माटवी, इथल्या भाषेत माटोळी, मी बाजारातून विकत आणून बांधली. पूजेला बाबांनी सवयीनं दोन पाट मांडले. मग एक उचलून भिंतीला उभा केला. आई आत नेवऱ्या तळत होती, इतक्या केल्या होत्या की तिघांना आठ दिवस पुरल्या. गणपती एकदा घरात आणला की बंद करता येत नाही. तो आजही येतो, आता आमच्या स्वतःच्या घरात, हॉलमध्ये, दिव्यांच्या माळा लावून. सून हौशी आहे. आम्ही मूळचे कुठले हे गावात आता कोणी विचारत नाही. टूर्नामेंटला हल्ली आधार कार्ड बघतात.

बाबा गेले तेव्हा रघू बाराव्याला आला होता, माणसांत बसून निघून गेला. आबा गेले तेव्हा मी तसाच जाऊन आलो. ह्याखेरीज आमची भेट नव्हती. मी शाळेत मास्तर झालो, हेडमास्तर म्हणून निवृत्त झालो, मुलांना खरं बोलावं असं सांगून झालं. रघूनं बांद्याला रिक्षा चालवली. तो पुढे कुठल्याच क्लबाकडून खेळला नाही असं ऐकलं. विचारायचं धाडस मी कधी केलं नाही.

गेल्या वर्षी चवथीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच तिकडे गेलो. एक नारळ नेला. घर नवं बांधलंय, पडवी मात्र तिथंच आहे. रघू पडवीत बसला होता, गुडघ्याला पट्टा बांधलेला. मला पाहून उठायला लागला, मी नको म्हटलं. आत जाऊन गणपतीपुढे नारळ ठेवला, नमस्कार केला, बाहेर येऊन त्याच्याशेजारी बसलो. पावसाबद्दल बोललो, त्याच्या गुडघ्याबद्दल बोललो. माणसं येत-जात होती. शेवटी मी म्हटलं, "रघू, त्या दिवशी देवळात तू तसा कित्याक सांगितलंस?"

"कसा?"

"काका वेगळे झाले म्हणान."

त्यानं गुडघ्यावरचा पट्टा जरा सैल केला. "मगे काय सांगतलंय? माजा तर गेलाच होता. तुजा पण घालवन माका काय गावतला होता?"

"माजा चुकला रे."

"चुकला तर चुकला," रघू म्हणाला. "आता ह्या वयात काय फायनल खेळाक जातंस?" आणि हसला. त्याच्या हसण्यात काही लपलेलं नव्हतं. मी पुन्हा पुन्हा बघितलं, नव्हतं.

आतून त्याची नात चहा आणि ताटलीत दोन करंज्या घेऊन आली, आठनऊ वर्षांची, परकर सावरीत. ताटली माझ्यापुढे धरून ती त्याला म्हणाली, "आजोबा, हे कोण?"

"गोंयचे पावणे," रघू म्हणाला. "पाया पड तेंच्या."

ती वाकली. आत कोणीतरी आरतीला हाक मारली तशी ती धावत गेली. रघूही भिंतीला धरून उठला आणि आत गेला. घरची सगळी आत जमली, झांजा सुरू झाल्या. मी चहा संपवला, करंज्या खाल्ल्या, ताटली कठड्यावर ठेवली आणि बसची वेळ झाली होती म्हणून निघालो.